मानेचें ऑपरेशन आणि गळ्याचा आवाज



घरांतील एखाद्या वडील माणसाचा हात दुखूं लागतो. खांद्यापासून बोटांपर्यंत कळ येते, बोटांना मुंग्या येतात, सदऱ्याचीं बटणें लावतां येत नाहींत, कधीं कधीं चालतांना तोलहि जातो. तपासणीअंतीं असें निष्पन्न होतें कीं, मानेच्या दोन मणक्यांमधली चकती सरकून तिचा दाब नसेवर किंवा खुद्द मज्जारज्जूवर पडला आहे. औषधें होतात, व्यायाम होतात, गळपट्टा होतो. आणि एवढ्यानें न भागल्यास ऑपरेशन ठरतें. तें यथासांग पार पडतें. दुसऱ्या दिवशीं हाताची कळ गेलेली असते, सर्वांना हायसें वाटतें, आणि अशा वेळीं रुग्ण बोलावयास तोंड उघडतो, तों आवाज घोगरा, फाटलेला, अर्धा वाऱ्यांत विरून जाणारा! पाण्याचा घोट घ्यावा, तों जोराचा ठसका. घरचीं माणसें बुचकळ्यांत पडतात. दुखणें हाडाचें होतें. मग घशानें काय बिघडविलें?

या प्रश्नाला बहुधा दोन उत्तरें मिळतात. "होतें असें, जाईल आपोआप," हें एक. आणि "डॉक्टरानें नस कापली," हें शेजाऱ्यापाजाऱ्यांचें दुसरें. पहिलें पुष्कळदां खरें ठरतें, परंतु नेहमीं नाहीं. दुसरें क्वचितच खरें असतें, पण एकदां मनांत शिरलें कीं निघतां निघत नाहीं. मला आज सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, हा त्रास हाडापर्यंत पोहोंचण्याच्या वाटेमुळें होतो. ती वाट घशाला लागून जाते. ज्याला हें ऑपरेशनच्या आधीं ठाऊक असतें, तो नंतर विनाकारण घाबरत नाहीं आणि विनाकारण थांबूनहि राहत नाहीं.

प्रथम ही वाट पाहूं. मानेंत सात मणके आहेत. त्यांच्याकडे मागून जावें हा विचार कोणाच्याहि मनांत आधीं येईल, कारण कणा आपण मागूनच चाचपतों. पूर्वीचे शस्त्रवैद्य तसेंच जात. परंतु चकती असते मज्जारज्जूच्या पुढें. मागून गेल्यास मज्जारज्जूच आडवा येतो, आणि तो बाजूला सारण्याचा पदार्थ नव्हे. १९५५ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील रॉबिन्सन व स्मिथ यांनीं पुढून, म्हणजे गळ्याच्या बाजूनें, चकतीपर्यंत जाण्याची रीत प्रसिद्ध केली. १९५८ सालीं होनोलूलूचे क्लाउअर्ड यांनींहि पुढूनच जाणारी आपली पद्धत मांडली. आज जगभर मानेच्या चकतीचीं जीं ऑपरेशनें होतात, त्यांतील फार मोठा भाग याच वाटेनें होतो.

ही वाट खरोखर कौतुकास्पद आहे. गळ्याच्या एका बाजूस, कातडीच्या वळींतच बसेल असा लहानसा आडवा छेद घेतात. कातडीखालचा एक पातळ स्नायू सोडला तर पुढें फारसें कांहीं कापावें लागत नाहीं. बाहेरच्या अंगाला मानेची मोठी रोहिणी, आंतल्या अंगाला श्वासनलिका व अन्ननलिका. या दोहोंमध्यें निसर्गानेंच एक फट ठेवलेली आहे. तिच्यांतून बोट पुढें गेलें कीं तें थेट मणक्याला लागतें. कापणें थोडें, म्हणून नंतरचें दुखणेंहि थोडें. पुष्कळ रुग्ण दोन-तीन दिवसांत घरीं जातात. पण जें कापलें नाहीं तें ओढलें गेलें आहे, हें विसरून चालणार नाहीं. चकती काढावयाची, तिच्या जागीं हाडाचा तुकडा अथवा कृत्रिम ठोकळा बसवावयाचा, वर धातूची पट्टी स्क्रूनीं घट्ट करावयाची. या सर्व वेळांत स्वरयंत्र, श्वासनलिका आणि अन्ननलिका हीं पोलादी आंकड्यांनीं एका कुशीला सारून धरलेलीं असतात. अरुंद बोळांतून पालखी जातांना माणसांनीं भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभें राहावें, तसा हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें पालखी दोन-दोन तास जागची हालत नाहीं.

आतां आवाजाकडे वळूं. स्वरयंत्रांत दोन स्वरतंतू असतात. नांव तंतू असलें तरी वस्तुतः त्या दोन मऊ घड्या आहेत. श्वास घेतांना त्या दूर होतात, बोलतांना जवळ येऊन थरारतात, आणि गिळतांना घट्ट मिटून अन्नपाण्याला फुप्फुसांत जाऊं देत नाहींत. आवाज बसणें आणि पाण्याचा ठसका लागणें हीं दोन लक्षणें जोडीनें कां येतात, तें यावरून उमजेल. एकच पहारेकरी दोन्ही कामें करतो.

या घड्यांना हालविणारी मुख्य नस डावीकडे एक व उजवीकडे एक अशी असते, आणि तिचा प्रवास मोठा चमत्कारिक आहे. मेंदूकडून ती सरळ स्वरयंत्राकडे येत नाहीं. एका मोठ्या नसेच्या सोबतीनें ती गळ्यावरून खालीं उतरते. डावीकडील नस छातींत जाऊन महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते, उजवीकडील नस हाताकडे जाणाऱ्या रोहिणीखालून वळते, आणि मग दोघी पुन्हा वर चढतात. गर्भावस्थेंत हृदय गळ्याच्या जवळ असतें. तें खालीं सरकूं लागलें कीं नसहि त्याच्याबरोबर ओढली जाते. जिराफाच्या मानेंत या फेऱ्यापायीं ही नस कित्येक फूट लांब झालेली असते. दुसऱ्या शतकांत रोममध्यें ग्यालेन नांवाच्या वैद्यानें डुकराच्या याच नसा निकामी करून ओरडणाऱ्या जनावराचा आवाज लोकांसमक्ष बंद करून दाखविला होता. म्हणजे ही माहिती कांहीं नवी नाहीं.

परतीच्या वाटेवर ही नस श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खांचेंतून वर येते, आणि आंकड्यांनीं बाजूला सारलें जातें तें नेमकें हेंच बिऱ्हाड. नस कापली जाणें विरळा. ती ताणली जाते, किंवा चेपली जाते. चेपली जाण्याला आणखी एक कारण आहे. भूल देतांना श्वासनलिकेंत नळी घालतात, आणि ती हलूं नये व हवा निसटूं नये म्हणून तिच्या टोकाशीं एक छोटा फुगा फुगवितात. बाहेरून आंकडा आणि आंतून फुगा, या दोहोंच्या चिमट्यांत नस सांपडते. अमेरिकेंत २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या ९०० रुग्णांच्या आढाव्यांत असें नमूद आहे कीं, आंकडे बसविल्यावर फुग्यांतील हवा सोडून तो पुन्हा बेतानें भरावयास सुरुवात केली, तेव्हां स्वरतंतू लुळा पडण्याचें प्रमाण शेकडा ६.४ वरून १.७ च्या आसपास आलें. पुढच्या एका काटेकोर तुलनेंत मात्र असा फरक दिसला नाहीं. तरीहि हा उपाय बिनखर्ची असल्यामुळें अनेक ठिकाणीं तो पाळला जातो, आणि तें मला योग्य वाटतें. त्या ९०० पैकीं ३० जणांचा स्वरतंतू लुळा पडला होता. कायमचा लुळा राहिला तो अवघ्या तिघांचा.

डाव्या बाजूनें जावें कीं उजव्या, यावर शस्त्रवैद्यांत बराच वाद झाला आहे. डावी नस अधिक सरळ व ठराविक मार्गानें येते म्हणून डावी बाजू बरी, असें कित्येक मानतात; उजव्या हाताच्या शस्त्रवैद्याला उजवी सोयीची पडते. प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हां दोहोंत मोठा फरक निघाला नाहीं. रुग्णानें या वादांत पडूं नये.

परंतु एक मोजणी अशी आहे कीं जी प्रत्येक रुग्णानें लक्षांत ठेवावी. २००५ सालीं जर्मनींतील कांहीं डॉक्टरांनीं अशा सुमारे १२० रुग्णांच्या स्वरतंतूंची, आवाज बसलेला असो वा नसो, ऑपरेशनच्या आधीं व नंतर आंत पाहून तपासणी केली. पहिल्या आठवड्यांत जवळजवळ एक चतुर्थांश रुग्णांत एक स्वरतंतू नीट हालत नव्हता. आणि त्यांतील बहुतेकांचा आवाज ऐकावयास ठीक होता! तीन महिन्यांनीं घोगरेपणा उरला तो शेकडा अडीच जणांत, पण तंतू मंद वा लुळा असूनहि तक्रार नसलेले आणखी शेकडा अकराच्या घरांत होते. दुसरा तंतू पलीकडे सरकून उणीव भरून काढतो, त्यामुळें कानाला कांहींच कळत नाहीं.

बाहेरून कळत नाहीं, तर मग त्याचें भय कशाला? भय दुसऱ्या ऑपरेशनचें आहे. मानेच्या चकत्यांना पुनः त्रास होऊन कांहीं वर्षांनीं शेजारच्या मणक्याचें ऑपरेशन करावें लागणें ही कांहीं दुर्मिळ गोष्ट नव्हे. समजा, पहिल्या वेळीं उजवीकडून जातांना उजवा तंतू लुळा पडला आणि कोणालाच तें कळलें नाहीं. दुसऱ्या वेळीं शस्त्रवैद्य जुना व्रण टाळून डावीकडून गेला व डाव्या नसेलाहि ताण बसला, तर दोन्ही घड्या मध्यभागीं अडून बसतात आणि श्वासाचाच मार्ग बंद होतो. गळ्याला भोंक पाडून नळी बसविण्याची पाळी येते. म्हणून मानेवर पूर्वीं मणक्याचें, थायरॉइडचें अथवा दुसरें कोणतेंहि ऑपरेशन झालेलें असल्यास, नव्या ऑपरेशनपूर्वीं कान-नाक-घशाच्या डॉक्टराकडून स्वरतंतू पाहून घ्यावेत. पांच मिनिटांचें काम आहे. एक तंतू लुळा आढळला तर त्याच बाजूनें जावें, निरोगी बाजूला हात लावूं नये, असा साधा नियम आहे.

गवई, कीर्तनकार, शिक्षक, वकील, नट यांच्यासाठीं आणखी थोडें सांगितलें पाहिजे. वरच्या मणक्यांपाशीं स्वरयंत्राची एक दुसरी, बारीक नस असते. स्वरतंतूंना ताण देऊन वरचा सूर काढणें हें तिचें काम. तिला इजा झाली तर साधें बोलणें जवळजवळ पूर्वीसारखेंच राहतें, पण तार सप्तक गांठतां येत नाहीं, आवाज सपाट होतो, तासाभराच्या शिकवण्यानें गळा थकतो. जुन्या ग्रामोफोनच्या शौकिनांना इटालियन गायिका आमेलिता गॅली-कुर्ची हिचें नांव परिचित असेल. १९३५ सालीं तिच्या गळ्यांतील वाढलेली थायरॉइड ग्रंथि काढण्यांत आली. पुढें तिचें गाणें गेलें आणि तें या बारीक नसेच्या इजेनेंच गेलें, अशी हकीकत शस्त्रवैद्यांच्या कैक पिढ्या विद्यार्थ्यांना सांगत आल्या. २००१ सालीं अभ्यासकांनीं जुनीं वर्णनें तपासून या हकीकतीबद्दल शंका काढली. हकीकत खरी असो वा नसो, तिच्यामुळें या नसेकडे लक्ष गेलें हें चांगलेंच झालें. ज्याचें पोट आवाजावर आहे त्यानें ही गोष्ट शस्त्रवैद्याला स्पष्ट शब्दांत आधींच सांगावी. "मी मास्तर आहें" एवढ्यानें तें ध्यानांत येत नाहीं. "रोज पांच तास साठ मुलांपुढें बोलतों" असें सांगावें. कांहीं रुग्णांत मागच्या बाजूनेंहि ऑपरेशन करतां येतें, आणि तेथें स्वरयंत्राची नस वाटेंत येत नाहीं. अर्थात् मागच्या वाटेची किंमत वेगळी: स्नायू सोडवावे लागतात, मान अधिक दिवस दुखते, जखम चिघळण्याचा संभव थोडा जास्त. सर्वांना ती वाट चालतेहि असें नाहीं. परंतु प्रश्न विचारण्यास हरकत कोणती?

गिळण्याचा त्रास हा आवाजापेक्षांहि अधिक जणांना होतो. अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या सुमारे अडीचशे रुग्णांच्या पाहणींत एका महिन्यानें निम्म्या लोकांना घांस अडकल्यासारखें वाटत होतें. दोन महिन्यांनीं शेकडा ३२, सहा महिन्यांनीं १८, वर्षानें १२-१३. आंकडे ऐकून दचकूं नये. यांतील बहुतेकांचा त्रास किरकोळ होता. सहा महिन्यांनीं मध्यम अथवा तीव्र त्रास असलेले शेकडा पांचांहूनहि कमी होते. एकाहून अधिक चकत्यांचें ऑपरेशन झालें असल्यास हा त्रास जास्त होतो. अन्ननलिकेची सूज हें त्याचें मुख्य कारण.

येथें आपल्या स्वयंपाकघराचा संबंध येतो, आणि एक भेद समजून घेतला तर घरच्या बाईमाणसांची बरीच तारांबळ वांचेल. घट्ट घांस अडकतो कीं पातळ पदार्थाचा ठसका लागतो, हें आधीं पाहावें. सूज असेल तर भाकरी, चिवडा, कोरडे पोहे, मोठी गोळी हीं अडकतात. तेथें मऊ भात, पेज, खिमट, ताकांत कालविलेला भात उपयोगी पडतो. स्वरतंतू मिटत नसेल तर उलटें होतें. मऊ घांस नीट जातो आणि साधें पाणी, चहा, पातळ ताक हींच श्वासनलिकेकडे धांवतात. अशा रुग्णाला प्रेमानें पातळ पेज पाजणें म्हणजे त्याला ठसका पाजणें होय. त्याला दाट सार, घट्ट लापशी, दह्यासारखे पदार्थ द्यावेत. पाणी चमच्यानें, ताठ बसून, हनुवटी किंचित् खालीं घेऊन प्यावें. पण मानेला पट्टा असल्यास हनुवटीचें आधीं डॉक्टरांना विचारून घ्यावें. पडल्या पडल्या कांहींहि पाजूं नये. वारंवार ठसका लागून ताप आला, तर पाणी फुप्फुसांत जात असल्याचा संशय घ्यावा.

खडीसाखर, ज्येष्ठमध, हळदीच्या गुळण्या हे आपले जुने सोबती. घशाच्या अस्तराला त्यांनीं बरें वाटतें, आणि भुलेच्या नळीमुळें जो खरखरीतपणा येतो तो तसाहि चार-आठ दिवसांत ओसरतो. परंतु नसेपर्यंत गुळणी पोहोंचत नाहीं, हें ओळखून असावें. आणखी एक चुकीची समजूत आहे. आवाज बसला म्हणजे रुग्णाला कुजबुजत बोलावयास लावतात. जोर लावून कुजबुजण्यानें गळ्यावर ताणच पडतो. हळू, पण स्वाभाविक आवाजांत, थोडें बोलावें.

आतां जें सांगतों तें मात्र घाईचें आहे. ऑपरेशननंतरचे पहिले कांहीं तास व पहिले दोन-तीन दिवस यांत गळ्यांत रक्त सांचून किंवा आंतून सूज येऊन श्वासनलिका दाबली जाण्याचा संभव असतो. हा प्रकार हजारांत थोड्यांनाच होतो. पण झाला तर मिनिटें मोजावीं लागतात. मान एका बाजूनें फुगत चालली, पट्टी आवळल्यासारखी वाटूं लागली, आडवें होतां येईना, श्वास घेतांना शिटीसारखा आवाज येऊं लागला, थुंकी गिळवेना, किंवा तासातासाला आवाज बदलूं लागला, तर सकाळची वाट पाहूं नये. रुग्णालयांत असाल तर तत्क्षणीं हांक मारा. घरीं असाल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. तसेंच ताप, गिळतांना तीव्र वेदना आणि मानेच्या कातडीखालीं दाबल्यावर चुरचुरणें हीं एकत्र आलीं तर अन्ननलिकेला छिद्र पडल्याची शंका येते. तें फारच दुर्मिळ, पण तेथेंहि उशीर घातक.

ही घाईची बाब सोडली, तर मग धीर धरावयाचा तो किती? माझें मत असें: ठसका लागत असेल तर त्याच आठवड्यांत घसा दाखवावा, नुसता घोगरेपणा असेल आणि दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाहीं, तर दाखवावा. ताणलेली नस सावकाश सुधारते. कांहीं आठवडे लागतात, कधीं सहा महिने, कधीं वर्षहि. परंतु वाट पाहावयाची ती आंत काय झालें आहे हें पाहून पाहावयाची. स्वरतंतू डोळ्यांनीं पाहण्याची युक्ति प्रथम एका गानशिक्षकाला सुचली, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मॅन्युएल गार्सिया हा स्पॅनिश गवई. १८५४ सालीं त्यानें दंतवैद्याचा लहान आरसा घशांत धरून, त्यावर सूर्यप्रकाश पाडून, स्वतःचेच स्वरतंतू गातांना पाहिले. आज आरशाऐवजीं नाकांतून बारीक दुर्बीण घालतात. भूल लागत नाहीं, आणि रुग्णाला पडद्यावर आपलाच गळा दिसतो.

तंतू लुळा आढळला तरी हात टेकावयाचें कारण नाहीं. प्रथम वाचोपचारतज्ज्ञाकडून आवाजाचे व गिळण्याचे व्यायाम शिकतात. ठसका फार असेल, किंवा आवाजावांचून नोकरी अडली असेल, तर लुळ्या तंतूंत सुईनें एक द्रव्य भरून तो फुगवितात, म्हणजे दुसरा तंतू त्याच्यापर्यंत पोहोंचूं शकतो. हल्लीं भरतात तीं द्रव्यें कांहीं महिन्यांत विरून जातात. तोंवर नस जागी झाली तर उत्तमच. वर्षभरांत जागी न झाल्यास कायमचा उपाय आहे. जपानच्या क्योतो येथील इश्शिकी यांनीं १९७४ सालीं त्याची पद्धत घालून दिली. गळ्याच्या कूर्चेला बाहेरून एक लहान खिडकी पाडतात आणि तिच्यांतून एक छोटी पाचर बसवून लुळा तंतू मध्याकडे ढकलतात. हें काम बहुधा जागेपुरती भूल देऊन करतात, रुग्ण जागा असतो. कारण पाचर किती आंत सरकवावयाची हें मापपट्टीनें ठरत नाहीं. शस्त्रवैद्य ती थोडी सरकवितो व रुग्णाला बोलावयास सांगतो. पुन्हा थोडी सरकवितो, पुन्हा बोलावयास सांगतो. टेबलावर पडल्या पडल्या रुग्ण एक, दोन, तीन असे आंकडे म्हणत असतो, आणि आवाज भरला असें दोघांच्याहि कानांना पटलें कीं पाचर तेथेंच पक्की करतात.